माझ्या पिशवीतली ब्लेडं

४ फेब्रुवारी, मंगळवार

पिशवी परत आली! माझी! सकाळी दार उघडलं तर उंबऱ्याशी बसलेली, वर लाल चिठ्ठी — "ओल्या कचऱ्यात धारदार वस्तू. पुन्हा असे झाल्यास कचरा उचलला जाणार नाही." नाकाला रुमाल लावून आत डोकावले, तर कांद्याच्या सालांत दाढीची ब्लेडं. दाढीची! या घरात माझ्याशिवाय चिटपाखरू नाही. नवरा जाऊन कितीतरी वर्षं झाली, आणि होता तेव्हा तरी कुठे दाढी करत होता? छातीपर्यंत वाढवलेली! ब्लेड म्हणून या घरात कधी आलंच नाही.

पालिकेची ही नवी योजना. ओला वेगळा, सुका वेगळा, पिशवी आरपार दिसणारी, आणि प्रत्येक पिशवीवर आपापल्या घराचा स्टिकर. स्टिकरवर ना नाव ना नंबर, नुसत्या काळ्या रेघा. गाडीवाले त्यावर यंत्र धरतात, यंत्र टूं करतं, की त्यांना कळतं ही घाण कुणाच्या घरची. चूक सापडली की पिशवी दारात परत.

तशीच उचलून सेक्रेटरीकडे गेले. म्हटलं, ही पिशवी माझी नाहीच. माझी सालं इतकी जाड निघत नाहीत! तो म्हणतो, "ताई, यंत्र खोटं बोलत नाही." म्हटलं, मग मी बोलते का? पिशवी काही त्याने घेतली नाही. ब्लेडं मलाच कागदात गुंडाळावी लागली.

५ फेब्रुवारी, बुधवार

फळ्यावर लिहिलंन मेल्याने! जिन्यापाशी, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असं, ठळक अक्षरात —

"दुसरा मजला, शिवणवाल्या ताई : दाढीची ब्लेडं.
चौथा मजला, कॅप्टन : बायकी कापडाच्या चिंध्या व लेस."

म्हणजे आम्ही दोघंच गुन्हेगार. कॅप्टन म्हणजे तो उंच, थोडा वाकून चालणारा, बोटीवरून निवृत्त झालेला माणूस. लग्न केलं नाही म्हणतात. जिन्यात भेटला की भिंतीला चिकटून वाट देतो, याउपर माझी त्यांची ओळख नाही. आता सगळी इमारत खूश आहे — त्यांच्याकडे लेस, माझ्याकडे ब्लेड.

समोरची दारातच उभी होती. "पाहुणे आलेत वाटतं?" म्हटलं, हो, आलेत, आणि त्यांना चहा तुमच्याकडे पाठवते!

असं म्हणायला नको होतं. तिला तेवढं पुरे आहे.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

पुरलंच. लेकीचा फोन — "आई, कुणी येतं का गं घरी?" समोरचीने तिला थेट परदेशात कळवलं, काळजी वाटली म्हणून! मी सगळं सांगितलं, ब्लेडं, यंत्र, फळा. लेक इतकी हसली की जावई बघायला आले. मग एकदम गंभीर झाली. "आई, तू इकडेच ये आता. कायमची. किती दिवस एकटी त्या जिन्यावरून चढ-उतर करणार?"

नात मध्येच फोनमध्ये घुसली. "आजी, तुमच्याकडे दोनच पिशव्या? आमच्याकडे भिंतभर डबे आहेत!" आणि लागली शिकवायला. तिथे दुधाचा खोका धुवायचा, कापून पसरायचा, वाळवायचा, मग सुतळीने गठ्ठा बांधायचा. बाटली एकीकडे, तिचं झाकण दुसरीकडे, वरचा कागद तिसरीकडे. कुठल्या वारी काय टाकायचं याचं पत्रक फ्रिजवर लावलेलं. वार चुकला तर शेजारीण हसत हसत पिशवी परत आणून देते. लेक म्हणाली, "इतकी गोड हसते ना आई, की त्यापेक्षा दोन थपडा मारल्या असत्या तर बरं!"

विचार करते म्हटलं. खरं सांगायचं तर मलाही जावंसं वाटतं. गुडघा कुरकुरतो. नात फोनमध्ये किती दिसणार? तिच्या केसांचा वास येत नाही फोनमधून. पण 'कायमची'? म्हणजे हे घर विकायचं. लॉन्ड्रीतला माझा शिवणाचा काउंटर सोडायचा. आणि तिथे सकाळी उठून मी करायचं काय — खोके धुवायचे?

९ फेब्रुवारी, रविवार

कॅप्टन आले होते! दारात उभे, हातात एक आरपार पिशवी, चेहरा अगदी शाळेच्या ऑफिसात बोलावल्यासारखा.

"बाई, राग मानू नका. हे तुमचं असावं."

पिशवीत माझ्याच चिंध्या. मी घरी आणलेलं शिवणकाम, त्यातली लेस, अस्तराचे तुकडे. म्हटलं, तुम्हाला कसं कळलं माझ्या म्हणून? तर त्यांनी खिशातून दोन तपकिरी पट्ट्या काढल्या. "या माझ्या पँटच्या. मागच्या आठवड्यात लॉन्ड्रीत उंची कमी करायला टाकली होती. पँट घरी आली, आणि पाठोपाठ तिचे पाय."

मला हसू आवरेना. दारात उभ्या उभ्याच हसत बसलो — म्हणजे हसत उभे राहिलो. समोरचीच्या दाराला फट पडली, तशी मी मुद्दाम मोठ्याने म्हटलं, आत या.

चहा ठेवताना डोक्यात प्रकाश पडला. स्टिकर वाटले त्या दिवशी कॅप्टन डॉक्टरकडे गेलेले, म्हणून सेक्रेटरीने त्यांचं पाकीट माझ्याजवळ दिलं, जाता जाता वर देऊन टाका म्हणून. आणि मी — माझ्या जिवाला चैन पडेल तर ना! — दोन्ही पाकिटं उघडून पाहिली. वरच्या मजल्यांना जास्त स्टिकर दिलेत की काय, एवढंच बघायला. सगळे सारखेच निघाले. परत भरताना त्याचे यात आणि याचे त्यात. झालं!

सांगितलं त्यांना. लपवायचं कशाला? ते चहात बघत म्हणाले, "मग होते का जास्त?"

"नव्हते."

"बघा. उगाच संशय."

ब्लेडं त्यांचीच. त्यांनी माफी मागितली. मीही मागितली. स्टिकर बदलून घेतले. चहा चांगला झाला होता.

१० फेब्रुवारी, सोमवार

सेक्रेटरीला सांगून फळा पुसायला लावला. त्याने प्रामाणिकपणे नवीन लिहिलं — "दुसरा मजला व चौथा मजला यांचे स्टिकर एकमेकांकडे गेले होते. आता आपसात मिटले आहे."

आपसात मिटले आहे! आता इमारतीला वर्षभर दुसरा विषय नको.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

लॉन्ड्रीत आज कामाचा ढीग. माझा काउंटर कोपऱ्यात आहे, इस्त्रीवाल्याच्या टेबलाला लागून, त्यामुळे थंडीत ऊब फुकट. मालकीणबाई चिंध्यांवरून कटकट करत होत्या. आता त्या कशात टाकायच्या? सुक्यात टाकल्या तर गाडीवाले घेत नाहीत, ओल्यात तर नाहीच नाही. मी म्हटलं, उशीत भरते. म्हणाल्या, "किती उशा करणार तुम्ही?" प्रश्न बरोबर आहे.

दुपारी कॅप्टन आले. कोटाचं बटण तुटलं म्हणे. मी कोट हातात घेतला, दोरा पाहिला. तुटलेला दोरा पिंजारलेला असतो. हा सरळ कापलेला होता. कात्रीने! इतकी वर्षं काय मी डोळे मिटून बटणं लावते? मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं, तर ते भिंतीवरच्या दरपत्रकाचा अभ्यास करत होते.

बटण पक्कं लावून दिलं. आता कापायला गेले तर कात्री मोडेल!

घरी येईपर्यंत हसू येत होतं. या वयात!

१६ फेब्रुवारी, रविवार

कॅप्टन चहाला. मीच बोलावलं. (समोरचीने जिन्यात तीनदा झाडू मारला.)

आज गौप्यस्फोट — ते कॅप्टन नव्हतेच कधी! बोटीवर स्वयंपाकी होते. इथे राहायला आले तेव्हा कुणीतरी कॅप्टन म्हणालं, दुसऱ्या दिवशी सगळेच म्हणायला लागले. "मी एकदा सांगायला गेलो, पण सेक्रेटरी इतक्या आदराने बोलत होता की त्याचा विरस करवेना." मी तर पोट धरून हसले. म्हटलं, तुमचं गुपित माझ्यापाशी राहील, पण मला बढती द्यायची.

बोटीवर कचरा स्वयंपाक्याकडेच. समुद्रात काही टाकायचं नाही, सगळं वेगळं करून पुढच्या बंदरात उतरवायचं. त्यामुळे हा माणूस गावोगावचा कचरा बघून आलाय! लोक बंदरात उतरले की बाजार बघतात, हे कचऱ्याचे डबे बघायचे. म्हणतात, "पाहुण्यांच्या खोलीवरून घर कळत नाही बाई, मोरीवरून कळतं."

एका देशात म्हणे कचऱ्याची गाडी गाणं वाजवत येते. डबे नाहीतच रस्त्यावर. गाणं ऐकू आलं की सगळी गल्ली हातात पिशव्या घेऊन बाहेर. म्हातारे, पोरंटोरं, ऑफिसातून आलेले. पिशवी आपल्या हातांनी गाडीत टाकायची. गाडी यायच्या आधीच लोक येऊन गप्पा मारत उभे राहतात. "तिथे लग्नंसुद्धा जुळत असतील," असं म्हणाले आणि एकदम बिस्किटाकडे वळले.

दुसऱ्या एका ठिकाणी उरलेलं अन्न टाकायच्या डब्याला वजनकाटा. कार्ड लावायचं, झाकण उघडतं, जितकं टाकाल तितकं बिल. तिथल्या बायका म्हणे भाजीतलं पाणी निथळून मग टाकतात. मला पटलं ते! ओलं वजन कोण भरणार?

आणि एक थंडीचा देश, तिथे कचरा जाळून त्या उष्णतेवर घरं गरम ठेवतात. स्वतःचा पुरत नाही म्हणून शेजारच्या देशांतून मागवतात. कचरा मागवतात! म्हटलं, आमच्या समोरचीला पाठवू का, पुरेल त्यांना. कॅप्टन म्हणाले, "हळू. ती जिन्यात आहे."

१८ फेब्रुवारी, मंगळवार

धाकट्या बहिणीचा फोन. तिच्या देशातलं विचारलं, तर तासभर बोलली. (एरवी तब्येत विचारली की दोन वाक्यांत आटोपते.) तिच्याकडे काचेच्या बाटल्या रंगावर — पांढरी इथे, हिरवी तिथे, तपकिरी पलीकडे. आणि रविवारी टाकायच्या नाहीत, खळ्ळ आवाजाने शेजाऱ्यांची झोपमोड होते! कचऱ्याची पिशवी सरकारी, आणि इतकी महाग की तिची सासू ती तुडवून तुडवून भरते. एकदा भरताना आतच पडली होती.

मग म्हणाली, "पण तुला गं कशाला एवढी चौकशी?" म्हटलं, सहज. "सहज?" — धाकटी लहानपणापासून असाच सूर लावते. "ताई, मी सगळं ऐकलंय हं. ब्लेडं वगैरे."

समोरचीकडे धाकटीचाही नंबर आहे!

२३ फेब्रुवारी, रविवार

इमारतीची सभा. विषय : कचरा. सेक्रेटरीने कॅप्टनना बोलायला उभं केलं, "आपल्यात जगभर फिरलेले एक जाणकार आहेत." कॅप्टन बिचारे माझ्याकडे बघायला लागले. मी डोळ्यांनीच म्हटलं, बोला.

बोलले, आणि बरं बोलले. पण सेक्रेटरीच्या उत्साहाला ऊत आला. गाणंही हवं, वजनकाटाही हवा, बाटल्या रंगानुसार हव्यात, खोके धुवून हवेत. तळमजल्यावरचे डॉक्टर म्हणाले, "सगळ्या देशांचं एकत्र केलं तर कचरा टाकायला मला दवाखाना बंद ठेवावा लागेल." त्यावर भांडण. मग कॅप्टनच म्हणाले, "मी पाहिलं ते एवढंच, की नियम कुठलाही चालतो. जिथे शेजारी एकमेकांना ओळखतात तिथे चालतो. बाकी सगळीकडे कचरा कोपऱ्यावर."

कुणी टाळ्या वगैरे वाजवल्या नाहीत. सेक्रेटरीने 'पुढील सभेत विचार' असं लिहून घेतलं. पण मला अभिमान वाटला. का वाटावा? माझं काय जातं? वाटला खरा.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

सेक्रेटरीच्या मेहुण्याला घर हवंय. माझं. आज येऊन बघून गेला, बायकोला खिडकी आवडली. लेकीला सांगितलं तर ती फोनवर रडलीच आनंदाने. "आई, मग नक्की ना?" नातीने मागून गाणं सुरू केलं, आजी येणार आजी येणार. अशा वेळी नाही म्हणायला दगडाचं काळीज लागतं. नक्की म्हटलं. मार्चअखेरीला निघायचं.

चांगलंच आहे की. लेक प्रेमाने बोलावते, जावई सज्जन. किती जणींच्या नशिबी असतं? उद्या कॅप्टनना सांगायला हवं.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

सांगितलं. जिन्यातच. आणि त्यांनी काय म्हणावं? "बरं झालं. तिथली व्यवस्था फार चांगली आहे."

व्यवस्था! मी जातेय कायमची, आणि हा माणूस कचऱ्याच्या व्यवस्थेबद्दल बोलतो! डोक्यात अशी तिडीक गेली. म्हटलं, हो, फारच चांगली आहे, माणसंसुद्धा वार बघून टाकतात म्हणे! आणि दार लावलं. जोरात.

नंतर भाजी करपली.

२ मार्च, रविवार

चहाला आले नाहीत. मीही बोलावलं नाही. माझी पण काही किंमत आहे.

४ मार्च, मंगळवार

घर आवरायला काढलं. हे राम! एवढ्याशा दोन खोल्यांत एवढं सामान? प्रत्येक वस्तू हातात घ्यायची आणि ठरवायचं — ओलं, सुकं, चिंधी, की मी. विमानात जेवढं नेता येतं त्यात 'मी' किती बसणार?

नवऱ्याची छत्री, चष्मे, दाढी विंचरायची फणी. फणी ठेवली. चष्मे डॉक्टर म्हणाले द्या, गरजूंना देतो. त्याच्या कोटाची मी मागेच उशी केली होती, ती नेणार. त्याच्याशी बोलले थोडं. म्हटलं, तुझी लेक बोलावते आहे, जाऊ ना? तो जिवंत होता तेव्हाही असल्या प्रश्नांवर हं हं करायचा. तसाच राहिला. रडू आलं, पण बरं वाटलं रडून.

शिलाई मशीन मालकीणबाई ठेवून घेणार आहेत. म्हणाल्या, "तुमच्या जागी कुणी आणणार नाही मी, आल्टरेशन बंदच करते." मग दोघी उगाच बटणांचा डबा नीट लावत बसलो.

६ मार्च, गुरुवार

लेकीला विचारलं, तुमच्याकडे मोठं सामान कसं टाकतात? तिथे फोन करून तारीख घ्यायची, पैसे भरून चिठ्ठी आणायची, ती सोफ्याला चिकटवायची, मग घेऊन जातात. धाकटीकडे वर्षातून ठरावीक दिवशी सगळे फुटपाथवर मांडतात, आणि गाडी यायच्या आत ज्याला जे हवं ते तो खुशाल उचलून नेतो, कुणाला लाज वाटत नाही. तिचा आरसा तसलाच आहे म्हणे. मी गेले होते तेव्हा त्याचं केवढं कौतुक केलं होतं!

आपल्याकडेही आता पालिकेने शनिवार ठरवलाय. जड सामान सकाळी खाली, दुपारी गाडी.

८ मार्च, शनिवार

सामान खाली नेलं. नेलं म्हणजे कसं — मी खुर्ची ओढत होते, तर वरून कॅप्टन आले, न बोलता दुसरी बाजू धरली. तसेच दोघं जिना उतरलो. मी भिंतीकडे बघून नुसतं ऐकवलं, धाकटीच्या देशात टाकलेलं सामान कुणीही खुशाल उचलून नेतो. मग दिव्याचा खांब, इस्त्रीचं टेबल, पुस्तकांची मांडणी, वेताचं स्टूल. सगळं न्यायला तेच. घाम पुसत म्हणाले, "ही खुर्ची चांगली आहे." म्हटलं, मग? चांगली माणसंही जातातच की!

फुटपाथवर आपलं घर असं उघड्यावर बघायला विचित्र वाटतं. खुर्चीत बसूनच घेतलं शेवटचं. समोरून एक बाई गेली, तिने मलाही उचलते की काय असं पाहिलं.

दुपारी लॉन्ड्रीतून आले तर गाडी अजून आलेली नव्हती, पण खुर्ची गायब! दिवा गायब, स्टूल गायब. मोडकी मांडणी तेवढी उरलेली. कुणीतरी नेलं. बरं वाटलं, म्हणजे कुणाच्या तरी उपयोगी पडेल. थोडं वाईटही. निदान चेहरा बघायला मिळाला असता नेणाऱ्याचा.

९ मार्च, रविवार

सकाळी कॅप्टनच्या घरी गेले. पहिल्यांदाच. त्यांचा बिस्किटांचा डबा माझ्याकडे राहिला होता, तो द्यायला — आणि भांडायलाही. इतके दिवस मनात साचलेलं घेऊन परदेशी कशाला जाऊ? लेकीच्या भिंतभर डब्यांतही त्यासाठी डबा नसेल!

त्यांनी दार उघडलं आणि अडवूनच उभे राहिले. आत या म्हणेनात. हा माणूस मला आत घेत नाही! माझी तर आगच झाली. बाजूला सारलं आणि आत गेले.

माझी खुर्ची. खिडकीपाशी. शेजारी माझा दिवा, पुसून लखलखीत केलेला. इस्त्रीचं टेबल भिंतीला. स्टुलाच्या सुटलेल्या वेताला नवीन दोरी, बोटीवरच्या गाठींनी घट्ट बांधलेली. त्यांची स्वतःची खोली म्हणजे एक पलंग, एक टेबल, एकच कप. बाकी सगळं माझं घर!

तोंडातून आलं ते भलतंच — म्हटलं, फुटपाथवरून सामान उचलता? लाज नाही वाटत?

"धाकटीच्या देशात चालतं म्हणालात."

"तुम्हाला स्टूल कशाला हवं? तुमचे पाय जमिनीला टेकूनही उरतात!"

मग ते बसले. माझ्या खुर्चीत नाही, पलंगावर. खाली बघत, सावकाश, एकेक शब्द ताटात वाढल्यासारखं म्हणाले, "मला वाटलं, तुम्हाला तिथे नाही करमलं तर? परत आलात, तर बसायला काहीतरी लागेल."

म्हटलं, घर विकलेलं असणार माझं. खुर्ची ठेवणार कुठे?

"आहे तिथेच राहू द्यायची."

मी खुर्चीत बसले. दुसरं करणार काय? त्यांनी चहा केला. कप एकच, म्हणून मला कपात आणि त्यांनी वाटीत. मी विचारलं, हे त्या दिवशी जिन्यात का नाही बोललात? म्हणाले, "तुमची लेक बोलावते आहे. मी कोण मध्ये बोलणारा? सुखाने चाललेल्या माणसाला थांब कसं म्हणायचं?"

मी म्हटलं, सुखाने चाललेय हे तुम्हाला कुणी सांगितलं? यंत्राने?

मग हसले. मीही. उतरताना समोरची जिन्यातच होती. तिने तोंड उघडायच्या आत मीच म्हटलं — हो, तिथूनच येतेय.

१० मार्च, सोमवार

मालकीणबाईंना म्हटलं, मशीनवर कापड घालून ठेवा, पण कुणाला देऊ नका. त्यांनी का म्हणून विचारलं नाही. इस्त्रीवाला मात्र गाणं गुणगुणत होता, मेला!

सेक्रेटरीला भेटले. कागद अजून झालेले नाहीत. म्हटलं, तुमच्या मेहुण्याच्या बायकोला खिडकी आवडली, ती घेऊ द्या. मी देतेच आहे घर. तो म्हणाला, "मग ताई, तुम्ही आल्यावर राहणार कुठे?" म्हटलं, फळ्यावर लिहीन.

लेकीला कसं सांगू? रागावली तर? दुखावली तर? नातीचं ते गाणं! सकाळपासून फोन हातात घेते आणि ठेवते. जायचं तर आहेच मला, तिला पोटाशी धरायचंय, भिंतभर डबे बघायचेत. पण 'कायमची' हा शब्द आता तोंडातून निघणार नाही.

११ मार्च, मंगळवार

आजही नाही सांगितलं. भित्री कुठली!

१२ मार्च, बुधवार

लेकीचाच फोन आला. तिकीट काढायला बसली होती. "आई, एकाच बाजूचं काढते ना?" म्हटलं, नाही गं, जायचं-यायचं काढ. ती म्हणाली, "बरं." आवाज अगदी एवढासा.

म्हटलं, थांब, ठेवू नकोस. तसली दोन काढ, कॅप्टननाही भिंतभर डबे दाखवायचेत.